तळ्यावरच्या देवीची ओटी

आम्ही नवराबायकोने मिळून शेवटचं काम केलं ते बिरडं सोलायचं. पडवीत समोरासमोर बसलो होतो, मधे परात. मोड आलेला वाल बोटांत दाबला की साल सुटते, पण माझ्या बोटांत दाणाच फुटायचा. ती म्हणाली, "तुम्हाला नारळ सोलायला द्यावेत, बिरडं नाही." उठू का, विचारलं. तर म्हणे, बसा, तोंड कमी चालवा.

ते बिरडं दुपारी जेवलो. ती जरा आडवी झाली. चहाला हाक मारली तर ओ नाही. डॉक्टर म्हणाले, काही त्रास झाला नाही. कोणाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

सोलताना बोलणं चाललं होतं ते तिच्या माहेरच्या देवीचं. तिचं माहेर धरणात गेलं. घरं, मळे, विहिरी, सगळं पाण्याखाली; त्या पाण्यालाच आता तळं म्हणतात. वर राहिला तो पडका किल्ला आणि त्याच्या तटाला टेकलेलं देवीचं देऊळ. तिथली रीत अशी की मार्गशीर्षात गावच्या लेकींनी यायचं आणि देवीची ओटी भरायची. पूर्वी लेकींची रांग लागायची. मग एकेक म्हातारी झाली, एकेक गेली. अलीकडे आम्ही दोघंच एसटीने जायचो. यंदाचा हिरवा खण तिने आधीच आणून ठेवला होता. देवळाच्या पायऱ्यांची तेवढी धास्ती होती तिला. मी म्हटलं होतं, न जमलं तर पाठीवर घेतो. त्यावर ती हसली होती, आधी स्वतःला चढवा म्हणून.

मार्गशीर्षात मुलगा आणि सून मुंबईहून गाडी घेऊन आले. बाबा, तळ्यावर जाऊ, तुमचं मन रमेल. मन रमवायला नव्हे, पण जायचं मला होतंच. खण, तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड, सगळं पिशवीत भरलं.

तळ्यावर आता होड्या आहेत, भजीची गाडी आहे, किल्ल्याकडे पाठ करून फोटो काढणारे आहेत. सून म्हणाली, किती सुंदर आहे हो इथे. तिची काय चूक, तिला पाणीच दिसणार. आमचं लग्न लागलं ते अंगण एका पिवळ्या होडीच्या खाली कुठेतरी होतं. बोललो असतो तर तिने त्या होडीचाही फोटो काढला असता.

मुलगा-सून फोटो काढत मागून येत होती. देवळात गुरव एकटाच होता. तो माझ्याएवढाच, पण अजून मला जावईबुवा म्हणतो. "एकटेच, जावईबुवा? लेक खाली बसली का आमची?" मी सांगितलं. तो पायरीवर बसला. मी पिशवी पुढे केली.

त्याने हात लावला नाही. म्हणाला, बाप्याच्या हातची ओटी देवीला चालत नाही. सून पुढे झाली, डोक्यावर ओढणी घेतली, मी भरते म्हणाली. एवढं मात्र तिने मनापासून केलं. पण गुरवाने मान हलवली. सून सासरची. ही ओटी लेकीची, ती गावच्या लेकीने नाहीतर तिच्या मुलीनेच भरायची, आणि आम्हाला मुलगी नाही. मुलगा म्हणाला, काका, एवढं ॲडजस्ट करा. गुरव म्हणाला, मी ठरवलेलं असतं तर केलं असतं. मग माझ्याकडे वळला.

"जावईबुवा, नारळ तुमच्या नावाने ठेवा. मी गाऱ्हाणं घालतो. काय मागायचं ते सांगा."

"मला काही मागायचं नाही," मी म्हटलं. "देवीला म्हणावं, इतकी वर्षं हिच्या हातून घेतलंस. मग हिलाच घेतलंस. आता ही ओटी नको होय तुला?"

मुलाने खांद्यावर हात ठेवला, तो मी झटकला आणि पिशवी उचलून पायऱ्या उतरलो.

खाली मुलगा म्हणाला, पाण्यात सोडा ना, तेही चालतं म्हणतात. मी म्हटलं, माहेर पाण्यात गेलं तेवढं पुरे. मला घरी सोडून ती दोघं तशीच मुंबईला गेली.

सकाळी उठलो. देवासाठी नेलेलं परत आणून खाऊ नये म्हणतात. म्हणोत. पिशवीतले तांदूळ धुतले आणि पेज टाकली. नारळ पायरीवर फोडला, खवला. पेज उतू जायला लागली तर टोप धरायला फडकं सापडेना. ती कुठे ठेवायची कोण जाणे. मग खणाची घडी मोडली, त्याने धरून टोप उतरवला आणि पेज प्यायलो.