अस्तर वाळेपर्यंत

कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड शाळेच्या पत्त्यावर आलं, तेव्हा मी आठवीच्या वर्गावर होतो. मृत्यूची बातमी असली की आमच्याकडे कार्डाचा कोपरा फाडतात. वाचण्याआधीच माणूस सावध होतो. तरी माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की पत्ता किती वाकडा लिहिलाय, उखाने पाहिलं तर रागावेल... आणि कार्ड उलटलं तर उखाच गेल्याचं त्यात लिहिलं होतं. कावीळ झाली, बारा दिवसांत सगळं आटोपलं. माझा बालमित्र, धुळ्याचा उखा पेंटर. चाळिशीही पुरी झाली नव्हती. आज दीड महिना होत आला, तरी जळगावच्या बाजारातून जाताना मी दुकानांवरच्या पाट्या वाचत नाही, त्यांच्या मात्रा आणि वेलांट्या बघत जातो. ही खोड त्याची.

आमचं गाव धरणगावाजवळ. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. मग त्याचे वडील वारले आणि तो धुळ्याला मामाच्या पेंटिंगच्या दुकानात गेला. मी शिकत राहिलो. माझ्याआधी आमच्या घरात कोणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. मी जळगावला कॉलेजात निघालो तेव्हा उखाने माझ्या पत्र्याच्या पेटीवर पिवळ्या रंगात माझं नाव घातलं आणि नावापुढे चार बोटं जागा मोकळी ठेवली. मी विचारलं, "ही जागा काबर सोडी?" तो ब्रश पुसत म्हणाला, "बी. ए. लिखाले. आतेच लिखं तं तू अभ्यास नही करशी, मास्तर." तेव्हापासून मी त्याचा मास्तर. चार वर्षं त्या रिकाम्या जागेकडे बघत मी झोपलो. निकाल लागला त्या आठवड्यात तो एस.टी.ने ब्रश आणि रंगाची डबी घेऊन आला, ती दोन अक्षरं भरली आणि चहा घेऊन परत गेला. माझ्या पदवीचं प्रमाणपत्र मला पुढे टपालाने मिळालं, पण पदवी मला त्या दिवशी मिळाली, असंच मी अजून समजतो.

तोवर त्याने स्वतःचं काम सुरू केलं होतं. दर आठवड्याला थिएटरचे बोर्ड, मालट्रकच्या पाठी, बैलगाड्यांच्या साट्यांच्या फळ्या, लगीनसराईत खेडोपाडी भिंतींवर गणपती आणि भालदार-चोपदार. हात एवढा सुरेख, पण एक दोष होता. गिऱ्हाइकाने "किती द्यायचे?" असं विचारलं की उखा मान खाली घालायचा आणि म्हणायचा, "समजीसन द्या." म्हणजे तुम्हीच समजून द्या. आमच्या भागातली ही जुनी रीत आहे. सुतार म्हणतो, शिंपी म्हणतो. पण समजून देणाऱ्याची समज नेहमी थोडी कमीच पडते. पोट भरायला मग उखा येईल ते काम घ्यायचा. मी एका सुट्टीत गेलो तेव्हा त्याने मला एक 'श्री' दाखवला. त्याच्या शेपटीला बारीक लाट आली होती. "हाऊ वारा नही, मास्तर," तो म्हणाला, "हात हालस." डॉक्टरांनी मनगटाला विश्रांती द्यायला सांगितलं होतं, नाहीतर हात कायमचा जाईल म्हणाले होते. घरात वहिनी, दोन लहान मुली. हात गेला तर त्यांचं काय...

मी शिकलेला. मी उपाय काढला. शुद्ध मराठीत 'दरपत्रक' तयार केलं, 'प्रति चौरस फूट' वगैरे घालून, आणि त्याच्याकडूनच ते रंगवून दारावर लावलं. दुसऱ्याच दिवशी एक शेतकरी दारातून परत फिरला आणि शेजाऱ्याला विचारू लागला, "पेंटरना घरवर जप्ती उनी का?" वहिनी हसून हसून बेजार झाली. दरपत्रक खाटेखाली गेलं.

जे माझ्या शहाणपणाला जमलं नाही, ते त्याच्या चुकीने केलं. धुळ्यातल्या एका मारवाडी शेठजींचं कापडाचं दुकान होतं. त्यांनी छोटी पाटी सांगितली होती, 'उधार बंद आहे'. ती त्या आठवड्यातली अकरावी की बारावी पाटी. दमलेल्या माणसाचा हात पुस्तकातली भाषा विसरतो आणि तोंडातली लिहितो. उखाने लिहिलं, 'उधार बंद शे'. पाटी टांगली गेली, मग शेठजींचं लक्ष गेलं आणि त्यांनी निरोप धाडला. दिवाळीची सुट्टी होती, मीही सोबत गेलो. उखा नवी फळी काखेत घेऊन, चेहरा पाडून. दुकानाबाहेर बाजाराला आलेली माणसं उभी होती. एकजण मोठ्याने वाचत होता, "उधार बंद शे! देखा हो, शेठनी पाटी आपली बोली बोलस!" आणि हसत हसत सगळे आत शिरत होते. शेठजींनी उखाकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं.

"पेंटर, गलती किसकी?"

"मनी, शेठ."

"मग हीच गलती आणखी चार पाट्यांवर कर. 'भाव एकच शे', 'पाणी पेवाले आत या'... असं काही. बोल, काय घेशील?"

उखाचे ओठ हलले. 'समजीसन' त्या ओठांवर मला स्पष्ट दिसलं. मग त्याने उजवं मनगट डाव्या हातात धरलं आणि नेहमीच्या चौपट दर सांगितला. 

"एवढे? या मास्तराने पढवलं वाटतं तुला!"

"नही शेठ. हातनी शिकाडं. आते मी थोडं काम करसू, पन चांगलं करसू."

शेठजी हसले आणि गादीवर सरकून त्याला बसायला जागा दिली.

त्यानंतरची वर्षं मला आठवतात ती एका लांब दुपारसारखी. धरणगावच्या कापूस पिंजणाऱ्या जिनवाल्यांनी बोलावलं, पिंपळनेरच्या बियाण्याच्या दुकानाने बोलावलं. सगळ्यांना 'बोलणारी पाटी' हवी होती आणि उखा प्रत्येकाला दर सांगायचा, अजूनही मान खाली घालूनच, पण सांगायचा. थिएटरचे बोर्ड त्याने सोडले. कामं वाढू लागली, तशी मला पुन्हा भीती वाटली. पण त्याने आपली एक युक्ती काढली होती. फळीवर अक्षराआधी पांढऱ्या रंगाचा हात देतात, त्याला अस्तर म्हणतात. कोणी घाई केली की उखा सांगायचा, "अस्तर वायेल नही." अजून वाळलेलं नाही. दुपारभर तो खोलीत जमिनीवर, दारासमोरच्या भिंतीला डोकं टेकून बसलेला असायचा, मुली शेजारी पाटीवर गिरवत असायच्या. कापसाच्या दिवसांत जिनांकडून पांढरे तंतू हवेत तरंगत यायचे, दारातून आत, उन्हाच्या तिरिपेत वर-खाली... तो त्यांच्याकडे बघत बसायचा.  मीही तिथे बसलो की शाळा, परीक्षा, जळगाव, सगळं कुठेतरी लांब जायचं. एकदा मी सहज फळीला बोट लावलं. खडखडीत कोरडी.

"अरे, ही तर कधीच वाळलीय!"

"फयी वायनी," तो डोळे न उघडता म्हणाला, "मी नही वायनू."

या वाक्यावर मी तेव्हा हसलो. नंतर मात्र चिडलो. कारण गेल्या वर्षी एका मोठ्या कंपनीचा एजंट त्याच्याकडे आला होता. दोन्ही जिल्ह्यांतल्या रस्त्यांवरच्या भिंती, वर्षभराचं काम, पैसा असा की स्वतःचं घर झालं असतं. अट एकच, पावसाळ्याआधी सगळ्या भिंती पुऱ्या. उखाने महिन्याला दहाच भिंती करीन म्हणून सांगितलं. एजंट उठून दुसऱ्याकडे गेला. मी धुळ्याला जाऊन त्याला नको ते बोललो. "भाड्याच्या खोलीतच मरशील," असंही बोललो. तो एवढंच म्हणाला, "चहा पी, मास्तर." मी न पिता उठलो. पुढे आठ महिने मी पत्र टाकलं नाही. मग ते कार्ड आलं.

मी भेटायला गेलो तेव्हा वहिनी भिंतीशी बसली होती. माझ्याच्याने राहवेना. म्हणालो, "वहिनी, ते भिंतींचं काम त्याने घेतलं असतं तर निदान डोक्यावर छप्पर..."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. "मंग पोरीसनी बापले पाह्यंच नसतं, भाऊ," ती म्हणाली.

थोरली मुलगी चहा घेऊन आली. मी तो घेतला... सगळा प्यालो. मग खोलीकडे बघितलं. नुकताच चुना दिला होता, चारी भिंती पांढऱ्याशुभ्र. फक्त दारासमोरच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, ताटलीएवढा तेलकट गोल तसाच राहिला होता. मी त्याच्याकडे बघतोय हे वहिनीच्या लक्षात आलं. "चुनावाला उन्हता, त्याले म्हनं, तेवढी जागा सोड."

इतक्या भिंती रंगवणाऱ्या माणसाने आपल्या घराच्या भिंतीवर ब्रशाने कधी एक रेघही ओढली नव्हती. तो गोल त्याच्या दुपारींचा होता. वहिनी आत गेल्यावर मी तिथे जाऊन बसलो आणि डोकं मागे टेकवलं. तो माझ्यापेक्षा उंच होता. माझं डोकं गोलाच्या खालच्या काठालाच लागलं, आणि उठलो तेव्हा खांद्यावर ओला चुना आला होता. दारातून ऊन येत होतं. मला पाचची गाडी धरायची होती. मी सातच्या गाडीने आलो.