वहिनीचा दुष्ट सरदार

माझी वहिनी गिरगावातून वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावात नांदायला आली ती एक जड ट्रंक घेऊन. आईला वाटलं, लुगडी असतील. निघाल्या भुताखेतांच्या इंग्रजी कादंबऱ्या, रंग, ब्रश आणि मासिकांतून कापलेली चित्रं. पडके किल्ले, शेवाळलेली थडगी, खिडकीतून डोकावणाऱ्या फिकुटल्या बायका. महिना भरायच्या आत भाऊ बोटीवर नोकरीला परत गेला. वडील मी लहान असतानाच गेलेले. घरात उरलो आई, वहिनी आणि मी, शाळेत जाणारी नणंद.

वहिनीला भीतीची हौस होती. दुसरा शब्द नाही. नव्या सुना विहीर कुठे, देऊळ कुठे विचारतात, हिने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "इथे एखादी पडकी इमारत आहे का गं?" समुद्राकडे एक जुनी वखार होती, छप्पर उडालेली. तिथे ती काळं लुगडं नेसून चित्र काढायला बसायची आणि मला दगडावर बेशुद्ध पडायला लावायची. मला हसू आवरायचं नाही. मग ती खरोखर चिडायची. "अगं, तुझ्या घराण्याला शाप आहे, दात काय काढतेस!" मला ती फार आवडायची.

आमच्या गावच्या भुतांनी मात्र तिची घोर निराशा केली. आमच्याकडे काम करणाऱ्या गड्याला तिने गावाची राखण करणाऱ्या भुताबद्दल, राखणदाराबद्दल विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "तो काळी कांबळ पांघरून, हातात कंदील घेवन हद्दीर फिरता. वाट चुकलेल्याक घराकडे पोचयता. वर्साक एक रोट नि ओढूक एक इडी दिली काय झाला."

"हे भूत आहे की पोलीस पाटील?" वहिनी मला म्हणाली.

पुढे तिला दिवस गेले आणि आईचा आवाज चढला. "गरवार बायलेन असला काय बघूचा नसता. उद्या ती ट्रंक न्हाणीतल्या चुलीत रिकामी कर." आई एकदा बोलली की ब्रह्मदेवाचंही चालायचं नाही. त्या ट्रंकेखेरीज वहिनीचं म्हणावं असं आमच्या घरात काहीच नव्हतं, आणि ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

तिचं शेवटचं चित्र तेव्हा पडवीत वाळत होतं. किल्ल्याच्या भगदाडात उभा एक सरदार, अंगात काळा झगा, पायांत उंच बूट, हातात कंदील. या गृहस्थाने बायकोला जिवंत भिंतीत चिणलं होतं. सकाळी गडी नारळ घेऊन आला, चित्रापुढे थबकला आणि डोक्याचं मुंडासं काढून त्याने हात जोडले. "वैनीनू, राखणदार बेस काढल्यात!" कानावरची विडी काढून त्याने चित्राखाली ठेवली. दुपारपर्यंत शेजारणी येऊन जास्वंद वाहून गेल्या, कुणी नारळ ठेवला. आता राखणदाराला चुलीत घालायची छाती कोणाची? तो ज्या ट्रंकेतून आला म्हणायचा, तीही वाचली. आईने चित्राकडे बराच वेळ बघितलं आणि पडवीत खिळा ठोकायला सांगितला.

वहिनीला मात्र अपमान झाल्यासारखं वाटलं. "बायकोचा खून केलाय त्याने, आणि त्याला विडी?"

"गप्प बस," मी म्हटलं, "नाहीतर पुस्तकं जातील."

चार-आठ दिवस ती गप्प बसली. पण खोटेपणा तिच्या पोटात राहीना. एका तिन्हीसांजेला म्हणाली, "आईंना फसवून मला पुस्तकं नकोत. जळली तर जळू देत." आणि ताडकन उठून पडवीकडे निघाली. मी मागे.

दाराशीच आम्ही थांबलो. आई चित्रापुढे दिवा ठेवून, हात जोडून, हळू आवाजात गाऱ्हाणं घालत होती.

"म्हाराजा, तू आमचो न्हय, ह्या माका पयल्या दिसापासून म्हायत आसा. आमचो राखणदार बूट घालणा नाय. तू खंयचो नि कसो, ता तुझा तुका ठावक. पण तू तिच्यावांगडा, तिच्या ट्रंकेतसून इलंस. पोर परक्या मुलखात एकटी आसा, घोव बोटीर. मी तोंडान फटकळ, माझ्याकडे ती मनातला बोलणा नाय. तू तिच्या वळखीचो. तिची नि तिच्या पोटातल्याची राखण कर, म्हाराजा."

वहिनी उंबऱ्यावरच बसली आणि हमसून रडायला लागली.

आई दचकून वळली. लगबगीने येऊन तिने वहिनीचं डोकं पोटाशी धरलं.

"काय झाला गो? भियालंस? मगे असली चित्रां कित्याक काढतंस?"