शिंगांवर ॲक्रिलिक

आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, तीही चित्रकलेची. पुढं शिकायला मुंबईला जायचं होतं. वडील म्हणाले, "यंदा पाडव्याला म्हशीची शिंगं तू रंगव. लोकांनी वळून बघितलं तर जा. न्हाईतर पावण्यांना होय म्हणून सांगतो." एका स्थळाचा निरोप आलेला होता.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून मिरवतात, मालकाच्या मोटरसायकलमागं पळवतात. आमच्या म्हशीची शिंगं दरवर्षी चुलते रंगवायचे, ऑइल पेंटनं, आदल्या दिवशीच. मी पाडव्याच्या सकाळी ॲक्रिलिक घेऊन बसले. तेलकट जागेवर हा रंग धरत नाही, म्हणून शिंगं साबणानं धुतली, पॉलिश पेपर मारला. पिवळा हात दिला, तो चहा होईपर्यंत वाळला. त्यावर निळ्या वेली काढल्या. खालचा पिवळा जरासुद्धा कालवला नाही. ऑइलमध्ये हे एका सकाळी कुणाच्या बापाला जमत नाही. गल्लीतली माणसं थांबून बघायला लागली.

चुलत्यांनी शिंगांवर बादलीभर पाणी ओतलं. रंग हलला नाही.

"पक्का हाय की!" वडील म्हणाले.

ते चुलत्यांना लागलं. गाडी रंगवून उरलेलं थिनर त्यांनी फडक्यावर ओतलं.

"काका, नको. थिनरनं उतरतंय ते."

"मग कसला गं पक्का?" म्हणत त्यांनी शिंग मुळापासून टोकापर्यंत पुसलं. वेली फडक्यावर आल्या. "बघा रं, सगळं कॉलेज निघालं!"

सगळ्यांत मोठ्यानं हसले ते वडील. लाल ऑइल पेंटचा डबा उघडून त्यांनीच भावाच्या हातात दिला.

"वाळणार कधी?" कुणीतरी विचारलं.

"उन्हात वाळतंय," चुलते म्हणाले.

वाळणार नव्हतं. दोघांचे पांढरे कपडे इस्त्री करून ठेवलेले मला दिसत होते. मी गप्प ब्रश धुतले.

भर चौकात वडिलांच्या मोटरसायकलला खेटून म्हशीनं मान झटकली. वडिलांचा फेटा, सदरा, मान, सगळं लाल. गर्दी पोट धरून हसली. मीही हसले, त्यांना दिसेल अशी.

संध्याकाळी थिनरनं मान पुसत त्यांनी पावण्यांना फोन लावला. मी शेजारी उभी राहून मोठ्यानं म्हणाले, "पोरगी मुंबईला चाललीय म्हणून सांगा."

त्यांनी फोन कानाला ठेवूनच मला मुस्काडात मारली. थिनरचा हात होता, गाल चरचरला. मग फोनमध्ये ते गोड आवाजात म्हणाले, "पोरगी जरा तिखट हाय."

त्याच आठवड्यात मी गेले. वडील स्टँडवर आले नाहीत. मी बोलावलंही नव्हतं.