चार इंच उंच पिकअप

माझ्या जुन्या पिकअपला उंच करायचं माझ्या डोक्यात कधीच नव्हतं. ते खूळ टायरांनी घातलं.

कर्जतजवळ आमची रोपवाटिका आहे. आंबा, फणस, सोनचाफा, कुंपणाची मेंदी अशी रोपं आम्ही फार्महाउसवाल्यांना पोचवतो. त्यातल्या एका गिऱ्हाइकाच्या मुलाला चिखलात जीप पळवायचा नाद लागला होता. दोन महिन्यांत नाद सुटला, जीप विकली गेली, आणि तिच्यासाठी आणलेले चार कोरे टायर शेडमध्ये पडून राहिले. "घेऊन जा हो, जागा अडवतायत," गिऱ्हाईक म्हणालं. फुकट मिळणाऱ्या वस्तूला नको म्हणणं आमच्या घराण्यात अजून कोणाला जमलेलं नाही. शिवाय माझी गाडी फोर-व्हील, वरच्या वाड्यांच्या दगडी रस्त्यांवर जाणारी. तिला असे टायर शोभतील, असं मला वाटलं.

टायरवाल्याने ते बसवून दिले. सरळ रस्त्यावर गाडी झोकात चालली. पहिल्या वळणावर मात्र आतून कोणीतरी खवणीवर नारळ खवतंय असा आवाज आला. स्टिअरिंग फिरवलं की टायर मडगार्डला घासायचा. म्हणून मी शक्य तेवढा वळलोच नाही. परिणामी घराचा फाटा मागे राहिला आणि मी भिवपुरीला पोचलो. तिथून बायकोला फोन केला.

"मग जुने टायर परत घाला," ती म्हणाली.

हे मला सुचलं नव्हतं असं नाही. पण इतका सोपा उपाय करायला मन तयार होईना.

खालापूरच्या रस्त्याला एक मिस्त्री आहेत. साठी उलटलेली, दाढी पांढरीशुभ्र, हात ग्रीसने काळे. त्यांच्या आजोबांनी किनाऱ्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त केलेली, त्यामुळे रस्त्यावरच्या कुठल्याही गाडीला ते जरा कमीच लेखतात. मी त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं आणि निकाल दिला.

"शेट, टायर मोठा नाय. तुमची गाडी बसकी हाय. उचलूया."

"किती?"

चाचांनी चार बोटं दाखवली. मला वाटलं, चार दिवस लागतील. ते इंच होते. दिवस अकरा लागले.

गाडीचा भार ज्यावर असतो त्या पोलादी पट्ट्यांच्या चळतीला पाटे म्हणतात. चाचांनी मागच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे घातले, पुढच्या पाट्यांत एकेक पट्टी वाढवली, ब्रेकचे पाइप लांब केले. अकराव्या दिवशी मी गेलो तर गाडी गॅरेजसमोर उभी होती आणि शेजारचा चहावाला तिच्याकडे मान वर करून बघत होता. चाचांनी तिच्या बॉनेटवर हात ठेवला. "आता दिसते गाडी," ते म्हणाले. मीही चहावाल्याशेजारी जाऊन मान वर केली.

घरी येताना काटा चाळीस दाखवत होता आणि तरी मी एकामागून एक गाड्या मागे टाकत होतो. मला वाटलं, लोक अलीकडे फार हळू चालवायला लागलेत. टायर मोठा झाला की काटा कमी वेग दाखवतो, हे चाचांनी मला नंतर सांगितलं. तोवर चौक गावापासून कर्जतपर्यंत माझी ख्याती झाली होती.

रोपवाटिकेत सहा बायका कामाला आहेत. त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या मावशी कमरेवर हात ठेवून गाडीसमोर उभ्या राहिल्या.

"दादा, ही कुनाची?"

"आपलीच. उंच केली."

"मंग शिडी कुठं हाय?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. आधी गाडीचा हौदा बायकांच्या कमरेला लागायचा. मातीच्या पिशव्यांनी भरलेला क्रेट उचलायचा आणि सरकवायचा, झालं. आता तो छातीला लागत होता. मावशींनी एक क्रेट उचलला, हौद्याच्या कडेपर्यंत नेला, माझ्याकडे बघितलं आणि परत खाली ठेवला.

"गाडी खाली येत नाय ना? मंग आमाला वर न्या."

दुसऱ्या दिवशी काम बंद. म्हणजे तसं कोणी म्हणालं नाही, पण सगळ्या सावलीत बसून पिशव्या मोजत होत्या, आणि पिशव्या मोजायला सहा जणी लागत नाहीत. शेवटी मी दगडमातीचा एक ओटा बांधायला घेतला. घमेली मी वाहिली. दगड कुठे ठेवायचा ते मावशी बसल्या जागेवरून सांगत होत्या. ओटा झकास झाला. क्रेट पुन्हा सरसर चढू लागले. पण गिऱ्हाइकाच्या दारात ओटा नव्हता. तिथे फणसाची चाळीस रोपं मी एकट्याने उतरवली आणि पुढचा आठवडाभर कंबरेला लेप लावून फिरलो.

राहिली बायको. पहिल्या दिवशी तिने साडी सावरून एक पाय वर टाकला, दुसरा काही येईना. "अहो, मी चालत जाते. तुम्ही या मागून," म्हणाली. मग तिनेच तोड काढली. एक रिकामा क्रेट पालथा घालायचा, त्यावरून चढायचं आणि बसल्यावर क्रेटला बांधलेली दोरी ओढून तो आत घ्यायचा. बाजारात ती असा क्रेट ओढून घेऊ लागली की लोक थांबून बघायचे. ती कोणाकडेही बघायची नाही.

एकदा रोपं पोचवायला ती बरोबर आली होती. नदीच्या बाजूला आमचं एक शेत होतं. बरीच वर्षं झाली विकून. घेणाऱ्यांनी लगेच भोवती उंच भिंत घातली, आणि तेव्हापासून आत काय आहे ते आम्ही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी भिंतीजवळून जाताना बायको ओरडली, "थांबा!"

मी ब्रेक मारला. आमचे डोळे बरोबर भिंतीच्या वर आले होते.

आमचं सगळ्यात खालचं खाचर, जिथे लावणीला पहिलं पाणी साठायचं, तिथेच त्यांनी पोहायचा तलाव केला होता. फरश्या निळ्या. पिवळी टोपी घातलेले एक आजोबा त्यात सावकाश हातपाय मारत होते.

"बघा," बायको म्हणाली, "आपल्या खाचरात पाणी तुंबलंय."

मी हसलो. ती हसली नाही. ती पलीकडे बघत होती. बांधावरचं आमचं जांभूळ त्यांनी तोडलं नव्हतं. तेवढ्यात आजोबांनी आम्हाला पाहिलं आणि हात हलवला. बायकोनेही हलवला.

त्यानंतर ती दर खेपेला बरोबर यायला लागली. मग जांभळाला मोहोर आला का, आजोबा आज उतरलेत का, याची बातमी संध्याकाळी मावशींपर्यंत पोचायची.

असं चार महिने चाललं. मग गाडीचं पासिंग आलं. आरटीओच्या ग्राउंडवरच्या साहेबांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, खाली वाकून ठोकळे पाहिले.

"हे काय?"

"जरा उंच केलीय, साहेब."

"कागदावर आहे का?"

"नाही."

"मग कंपनीनं केली तशी करून आणा." आवाज चढवला नाही, काही नाही. पुढची गाडी बोलावली.

चाचांनी ठोकळे काढले. एकेक काढून फडक्याने पुसून ठेवत होते. टायर खोपोलीकडच्या एका जीपवाल्याने नेले. गाडी पास झाली. काटा खरं बोलू लागला. बायका हौद्यात सहज हात घालू लागल्या आणि मावशींनी मला चहा दिला, जो त्या सहसा देत नाहीत.

पुढच्या खेपेला बायको बरोबर होती. नदीकाठचं वळण आलं, आणि दोघांच्या समोर नुसती भिंत.

"थांबवा जरा," ती म्हणाली.

ती उतरली, मागे गेली. क्रेटांमधून वाट काढत हौद्यात चढली आणि केबिनच्या दांडीला धरून सरळ उभी राहिली. मी खिडकीतून मान बाहेर काढली.

"दिसतंय का?"

"दिसतंय."

"काय दिसतंय?"

"आजोबा आपल्या जांभळाखाली खुर्ची टाकून झोपलेत. तोंड उघडं आहे." थोडा वेळ ती तशीच बघत राहिली. मग केबिनच्या टपावर हलकेच थाप मारली. "घ्या पुढं. हळू घ्या, उठतील ते."