मागच्या दाराचा हिस्सा

देऊळघाटच्या आमच्या मोहल्ल्यात ख्रिस्ती घर एकच, आमचं. बाबा मिशनचे मास्तर आणि उपदेशक. सगळ्या मोहल्ल्याला तारायची जबाबदारी आपल्यावर आहे अशा थाटात ते गल्लीतून चालायचे. इतक्या वर्षांत त्यांनी एकालाही तारलं नाही. लोक त्यांचं ऐकून घ्यायचे, वर चहा पाजायचे आणि अजान झाली की उठून जायचे. बाबा घरी येऊन म्हणायचे, बी पेरून आलो. उगवलेलं मला कधी काही दिसलं नाही.

आम्हाला पाणी द्यायला मात्र हेच न तरलेले लोक होते. गावच्या मोठ्या विहिरीवर आम्हाला मज्जाव होता. आज्यानं धर्म बदलला होता खरा, पण त्या विहिरीवरच्या मंडळींना आमची जुनी जात आमच्यापेक्षा चांगली पाठ होती. आम्ही पाणी भरायचो ते शेजारच्या चाचांच्या अंगणातून. चाचा कापूस पिंजायचे. त्यांची बायको, आमची खाला, हिनं आई या घरात आली त्याच दिवशी तिच्या हातात दोर दिला आणि विहीर आपलीच समज म्हणून सांगितलं. आमचा वरण-भात, आमचा चहा, मिशनचे साहेब आले की त्यांचं अंघोळीचं पाणी, सगळं त्या विहिरीचं. बाबांच्या प्रवचनात ती विहीर कधी आली नाही.

बकरी ईदला त्या घरी बकरा कापला की त्याचे तीन वाटे व्हायचे. एक घरचा, एक नातलग आणि शेजाऱ्यांचा, एक गरिबांचा. शेजाऱ्यांचा वाटा पुढच्या दारानं निघायचा, रकाबीवर धुतलेला रुमाल घालून, घरपोच. गरिबांचा मागच्या दारी, जो रांगेत उभा राहील त्याला. आमची रकाबी दरसाल पुढच्या दारानं यायची. आई सकाळपासून तिची वाट बघायची. मटण तर हवंच असायचं, पण या गावात आम्हाला कोणी शेजारी धरतं याची तेवढीच एक खूण होती.

त्या वर्षी नेमके ईदच्या दिवशी मिशनचे गोरे साहेब आमच्या ओसरीत येऊन बसले. बाबांना मोठ्या शाळेवर बदली हवी होती, त्यामुळे सकाळपासून त्यांच्या अंगात धर्म संचारला होता. खाला स्वतः रकाबी घेऊन आली. बाबा उठले, घसा साफ केला आणि साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की मूर्तीपुढचा नैवेद्य खायला आमच्या शास्त्राची मनाई आहे.

मूर्तीपुढचा! ज्या घरात साधी तसबीर लावायला बंदी, त्या घरच्या बाईला हे. मूर्ती आणावी कुठून तिनं? बाबांनी कुठल्या तरी पुस्तकात वाचलेलं वाक्य, आणि ते ओकायला समोर सापडली ती एक देणारी बाई. तेही बाराही महिने चाचांच्या खाटीक मेव्हण्याकडचंच मटण खाऊन. तोही अल्लाचंच नाव घेऊन बकरं कापायचा, आणि बाबांच्या ख्रिस्तीपणाला त्यानं कधी धक्का लागला नव्हता.

खालानं घरात नजर फिरवली. आमच्या भिंतीवर येशूची तसबीर होती, तिला आईनं घातलेला झेंडूचा हार होता. खाला तिच्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग रुमाल नीट केला आणि आली तशी गेली. साहेबांची नजर रकाबीमागोमाग दारापर्यंत जाऊन आली. त्यांना त्या दिवशी वांग्याची भाजी मिळाली. बाबांना बदली मिळाली नाही.

खालानं पाणी बंद केलं नाही. तेवढी हलकी बाई ती नव्हती. तिनं फक्त बोलणं बंद केलं. आई घागर घेऊन गेली की ती उठून आत जायची. आई भरदुपारी, अंगणात कोणी नसताना जाऊ लागली. खालानं पाण्यावरून एक शब्द काढला असता तर आम्हाला गाव सोडावं लागलं असतं, हे आईला ठाऊक होतं आणि तिची झोप उडाली होती. बाबांचं म्हणणं, सत्यासाठी छळ सोसावा लागतो. घागरी अर्थात आई वाहत होती.

नाताळात आईनं करंज्यांचं ताट पाठवलं. ते जसंच्या तसं परत आलं. सोबत निरोप, तसबिरीपुढचं आमाले चालत नाही. बाबा चिडले. मला मात्र मनापासून आनंद झाला.

पुढची ईद आली. कोणतीही रकाबी येणार नव्हती. आईनं आमचंच एक पितळी ताट उचललं, माझा हात धरला आणि खालाच्या घराला वळसा घालून मागच्या दारी गेली. तिथं फकीर, आंधळे, विधवा, शेजारच्या खेड्यांतून आलेली माणसं उभी होती. त्यांच्या रांगेत उपदेशकाची बायको पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली. सगळा मोहल्ला बघत होता. मला जमीन दुभंगावी असं वाटलं. आई हलली नाही.

आमची पाळी आली. खालाचा हात वाटता वाटता थांबला.

"शेजाऱ्याचा हिस्सा आमी वापस केला," आई म्हणाली. "आता गरिबाचा द्या."

खालानं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग तिनं आईचं मनगट धरून तिला रांगेतून बाहेर ओढलं.

"इथं काऊन उभी राह्यली वं? चाल आत. तिकडं कलेजी करपून राह्यली."

आत गेल्यावर दोघी चुलीपुढे रडल्या आणि कलेजी खरोखरच करपली. आम्ही घरी आलो ते पुढच्या दारानं, ताटावर रुमाल घालून.

संध्याकाळी रस्सा झाला. बाबांनी ताटाकडे बघितलं, शास्त्राचं काही काढलं नाही, आणि डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. ती नेहमीपेक्षा लांबली. शत्रूंना क्षमा करण्यापर्यंत आली. रस्सा निवत चालला. आईनं आमेनची वाट पाहिली नाही. तिनं भाकरी मोडली, मला वाढलं.

"डोये उघडा आता," ती बाबांना म्हणाली. "पाणी बी त्याच घरचं हाये."