शेवटी बोलणारे हेडमास्तर

गोविंदराव गेल्याची बातमी मला वसमतच्या जिनिंगवर कापूस घेऊन आलेल्या एका गाडीवानाने दिली. "तुमचे दोस्त हेडमास्तर गेले. ताप डोक्यात चढला म्हणत्यात," एवढे सांगून तो आपल्या बैलांकडे वळला. या गोष्टीला आता काही आठवडे झाले.

वसमतजवळच्या हट्ट्याच्या बाजूला एका लहान गावात गोविंदरावांनी निजामाच्या अमदानीत शाळा उभी केली. इमारत गावाची, पगार गावाचा. हेडमास्तरने हुकूम सोडायचा आणि इतरांनी मान डोलवायची, हीच तेव्हाची रीत. गोविंदरावांनी ती पहिल्याच वर्षी मोडली. शनिवारी शाळा सुटली की शिक्षक लिंबाखाली गोल करून बसत. सर्वांत नवा शिक्षक आधी बोले, हेडमास्तर सर्वांत शेवटी. "मी आधी बोललो तर बाकीचे माझंच बोलतील," असे ते सांगत. बहुतेकांचे मत पडेल तो निर्णय, मग तो त्यांच्या मनाविरुद्ध का असेना.

कापूस वेचणीच्या दिवसांत सुटी द्यावी की नाही, यावर एकदा बैठक लांबली. उर्दू आणि हिशेब शिकवणारे करीम मास्तर सर्वांत जुने. ते हसत म्हणाले, "साहेब, तुमची पाळी येईस्तोवर चहा थंड होऊन राहिला. न्हाई म्हणायचं असंल तर तोंडावर तरी दिसू द्या." गोविंदरावांना सुटी नको होती. तरी त्यांनी ती दिली.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या फिरू लागल्या. एक टोळी शाळेपर्यंत आली तेव्हा करीम मास्तर दारात उभे राहिले आणि त्यांनी ती परतवून लावली. पुढे सप्टेंबरात निजामाचे राज्य गेले. गावातली मोठी माणसे गोविंदरावांकडे आली. करीम मास्तरांना काढा, नाहीतर इमारत रिकामी करा, असे त्यांचे म्हणणे होते. गोविंदरावांनी प्रश्न नेहमीप्रमाणे शनिवारच्या बैठकीत ठेवला. करीम मास्तरही गोलात होते…

सर्वांत नवे रामभाऊ. ते खाली पाहत म्हणाले, "गाव ऐकत न्हाई. मास्तरांना जावं लागंल." पुढच्या प्रत्येकाने तेच सांगितले. करीम मास्तरांची पाळी आली. ते म्हणाले, "समदे म्हणून राहिले ते बराबर हाय. शाळा चालली पाहिजे." मग सगळे गोविंदरावांकडे पाहू लागले. ते म्हणाले, "बैठकीला मान्य, ते मला मान्य."

दुसऱ्या दिवशी करीम मास्तर बायको-लेकरांसह परभणीकडे निघून गेले. त्यांचा पुढे पत्ता लागला नाही.

रामभाऊंची भेट झाली तेव्हा मी विचारले, "तुम्ही काहून तसं बोललात?" ते म्हणाले, "आमी साहेबांच्या भरवशावर बोललो. गावाचा राग आमच्यावर नको, अन् शेवटी ते न्हाई म्हणतीलच, असं समद्यांना वाटलं. त्यांचं न्हाई गावानं ऐकलं असतं." गोविंदरावांना मात्र वाटले होते, की ही माणसे बोलतात तेच त्यांच्या मनात आहे. रामभाऊंनी हे त्यांनाही सांगितले.

बैठका गोविंदरावांनी बंद केल्या नाहीत. पण शेवटची पाळी आली की ते हात जोडून उठत. याचे कारण मी विचारले. "माझी पाळी त्या दिवशी होती," ते म्हणाले.

परवा शनिवारी शाळेत गेलो. कारभार आता रामभाऊंकडे आहे. लिंबाखाली चौघे बसले होते. परीक्षेचे ठरले, बाकीच्यांचे बोलून झाले. तरी कोणी उठले नाही; शेवटची पाळी आता रामभाऊंची होती. रामभाऊंनी दोनदा घसा साफ केला… आणि सगळे तसेच बसून राहिले.