न मोडलेली एफडी

भावोजींचा फोन आला तेव्हा मी न्हावा शेवाच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत अडकलो होतो. तिथे बंदरातून माल सोडवणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटकडे माझी नोकरी, त्यामुळे ही रांग रोजचीच. "सुधीर, तुझी ताई गेली रे," एवढंच ते म्हणाले. मी बावळटासारखं विचारलं, "कुठे?"... कारण ताई जाऊन जाऊन जाणार कुठे, तर बाजारात नाहीतर बँकेत. पनवेलला पोचायला मला सव्वा तास लागला. तोवर शेजारच्या बायकांनी तिला हॉलमध्ये निजवलं होतं.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. पनवेलच्या एका शाळेच्या ऑफिसात तिनं तीस वर्षं कारकुनी केली. भावोजी तळोज्याला केमिकल कंपनीत, शिफ्ट ड्यूटीला. दोन पगार, दोन मुली आणि एक वन-बीएचके. या घराचा कारभार चालायचा तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर. औषध, शाळेची फी आणि पोटाला लागेल ते सोडून दुसरी कुठलीही वस्तू त्या घरात थेट यायची नाही. आधी ती चालू महिन्याच्या पानामागे लिहायची. महिना संपला आणि अजूनही हवीशी वाटली, तर पुढच्या पानामागे पुन्हा स्वतःच्या हातानं लिहायची. असं तीन महिने झालं, की खरेदी. "लिहायचा कंटाळा आला ना, म्हणजे ती वस्तू नकोच होती," असं ताईचं म्हणणं. मिक्सर या परीक्षेत पास झाला, मायक्रोवेव्ह दुसऱ्याच महिन्यात नापास. धाकट्या भाचीनं 'कुत्रा' हा शब्द सलग अकरा महिने लिहिला, पण जिवंत प्राण्याला ताई हा नियम लावू देईना. शेवटी तडजोड म्हणून मांजर आलं, तेही कुणीतरी फुकट दिलेलं.

मी मात्र पक्का उधळ्या. ताई म्हणायची, "सुध्या, अंथरूण पाहून पाय पसर." मी म्हणायचो, "अंथरूणच हप्त्यावर घेऊ की!" तसं घेतलंही. फोन हप्त्यावर, टीव्ही हप्त्यावर, आणि गल्लीत लावायला जागा नसताना गाडी हप्त्यावर. मग आधीची कंपनी बंद पडली, माझी नोकरी गेली. तीन हप्ते थकल्यावर वसुलीवाला दारात उभा राहून मोठ्यानं माझं नाव घ्यायला लागला. बायकोनं रडत ताईला फोन केला. दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधी ताई बँकेच्या पायरीवर बसलेली होती. तिनं आपली एफडी मोडली आणि पैसे माझ्या हातात ठेवले. शरमेनं काही सुचेना म्हणून मी चेष्टा केली, "कॅलेंडरवर नाही लिहिलंस ते?" अशी भडकली माझ्यावर! "गप्प बस. माणूस काय कॅलेंडरवर लिहितात?"

गाडी विकून आणि नवी नोकरी धरून मी तिची मुद्दल फेडली. बुडलेलं व्याज देऊ केलं तर तिनं घेतलं नाही. पण त्याबद्दल बोलायचं काही सोडलं नाही. दर भाऊबीजेला ओवाळून झालं की ताट खाली ठेवता ठेवता, "चार हजार तीनशे रुपये व्याज गेलं हो माझं तुझ्यापायी." पुढे मीही आरडी काढली, एफडी केली, कुठल्या बँकेचा दर किती हे तिला फोन करून सांगायला लागलो. तिच्याकडून शाबासकी मिळावी, हीच माझी मोठी हौस होती.

आणि तिथेच घात झाला. श्रावणात तिचा फोन आला. जिना चढताना छातीवर दडपण येतं, डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली आहे, लवकर करा म्हणाले आहेत. भावोजी रिटायर झाल्यावर कंपनीचा विमा संपला होता आणि त्यांना तिनं 'ॲसिडिटी आहे' असं सांगून ठेवलं होतं. "एफडीची मुदत भरायला दोन महिने राहिलेत रे. आत्ता मोडली तर व्याज कापतील. काय करू?" जन्मात पहिल्यांदा ताईनं पैशाबद्दल मला विचारलं होतं. मी फुगलो. म्हणालो, "दोन महिन्यांसाठी कशाला मोडतेस? तोवर गोळ्या चालू ठेव." ती म्हणाली, "शहाणा झालास हो सुध्या." ते मी बायकोला कौतुकानं सांगितलंसुद्धा. आज लिहिताना लाज वाटते. तिचा रागही येतो. इतकी हिशेबी बाई, आणि एवढी साधी बेरीज तिला जमू नये? पण ती निदान विचारत तरी होती. उत्तर मी दिलं.

तेराव्याला तिची नेहमीची मासेवाली हिराबाई आली. ताईनं तिला पोस्टात खातं काढून दिलं होतं, त्याचं पासबुक ती पदरात घेऊन बसली होती. म्हणाली, "मी बोललेली तिला, दादा, डॉक्टरकडं जा म्हनून. तर बोलते, दिवाळी होऊ दे. आमी अडानी मानसं. आमच्याकडं एफडी नाय. छातीत दुखलं का गळ्यातलं मोडतो आनि जातो." मी तिच्यासाठी चहा आणायला आत गेलो.

एफडीची मुदत भरली ती ताई गेल्यानंतर एकोणिसाव्या दिवशी. खातं जोडनावावर होतं, म्हणून भावोजींना घेऊन मी बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलीला काही माहीत नव्हतं. तिनं हसून स्लिप पुढे केली. "बरं झालं मधेच मोडली नाहीत, काका. पूर्ण व्याज मिळालं." भावोजी म्हणाले, "हो." आम्ही रिक्षानं घरी आलो. ते चहा ठेवायला आत गेले, मीही मागोमाग गेलो. कॅलेंडर ओट्याच्या वर नेहमीच्याच खिळ्याला होतं. त्या दिवसाच्या चौकोनात ताईचं बारीक, कारकुनी अक्षर... 'एफडी. मग डॉक्टर.' माणूस कॅलेंडरवर लिहायचा नसतो, हे मला तिनंच सांगितलं होतं. त्या दिवशी फोनवर मी ते तिला परत सांगायला हवं होतं.